क्रॉसिंगच्या बाया आणि कंपनीच्या अटी

खामगावला गिऱ्हाइकाच्या अटी नव्या नाहीत. 1870 साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तो कापसाच्या गाठींसाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मँचेस्टरच्या गिरण्यांना माल मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला दिवस आले आणि पाठोपाठ तक्रारीही आल्या. कापसात माती आहे, सरकी आहे, पाणी मारलंय. मुंबई इलाख्याने तर 1863 साली कापसातल्या भेसळीविरुद्ध खास कायदा केला. कापूस किती स्वच्छ हवा, हे त्यात होतं. तो वेचणाऱ्या बाईचा रोज किती असावा, हा प्रश्न त्यात यायचं कारणच नव्हतं.

पुढची शंभरेक वर्षं हे असंच चाललं. मग बियाण्याने चित्र बदललं. 1970 साली गुजरातेत एच-4 हा कपाशीचा संकरित वाण आला. संकरित बियाणं घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येत नाही, ते दरसाल नव्याने तयार करावं लागतं आणि ते हातानेच होतं. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 सालीच महिको ही बियाणे कंपनी सुरू केली होती. जालना बियाण्याची पेठ झाली आणि त्या पेठेची सावली जिल्ह्याची हद्द ओलांडून आमच्या देऊळगाव राजा, सिंदखेडराजा तालुक्यांवर पडली. मिरची, टोमॅटो, काकडीचे सीड प्लॉट वाढले. 2018 पासून पोकरा या सरकारी योजनेच्या अनुदानाने शेडनेटला आणखी जोर मिळाला. आज त्या भागातून गाडीने जाताना हिरवी-पांढरी जाळी रस्त्याच्या दोन्ही अंगांनी दिसते.

जाळीच्या आत काय चालतं? मिरचीची कळी उमलायच्या आधीच गाठावी लागते. चिमट्याने पाकळ्या बाजूला करायच्या, पुंकेसर एकेक उपटायचे, स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. मग नर झाडाच्या फुलांचा पराग आणून त्या एवढ्याशा टोकावर टेकवायचा आणि कळीला खूण करायची. ओळीतली पुढची कळी, मग तिच्या पुढची. एक पुंकेसर राहिला तरी फळ भलत्याच बियाण्याचं धरतं. या कामाला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात आणि ते जवळपास सगळं बायकांच्या हातून होतं.

पूर्वी त्या हातांत पोरींचे हातही होते. लहान बोटांना हे काम नाजूकपणे जमतं, असं सांगितलं जायचं. खरी गोष्ट साधी होती. पोरगी कमी पैशात येते आणि जास्त मागत नाही. याची पहिली मोठी वाच्यता आंध्रात झाली. संशोधक दावुलुरी वेंकटेश्वरलू यांनी 2000 नंतरच्या दशकात कपाशी बियाण्याच्या शेतांतल्या मुलींवर एकामागून एक अहवाल लिहिले, नेदरलँड्सच्या संस्थांनी ते युरोपभर फिरवले आणि परदेशी बियाणे कंपन्यांच्या मुख्यालयात प्रश्न विचारले जाऊ लागले. सिंजेंटा 2004 साली कामगारांच्या स्थितीवर लक्ष ठेवणाऱ्या फेअर लेबर असोसिएशनमध्ये गेली, बायरने 2005 साली बालमजुरीविरुद्धचा कार्यक्रम सुरू केला. मुलं न लावणाऱ्या शेतकऱ्याला जादा भाव आणि वारंवार लावणाऱ्याचं कंत्राट बंद, असा त्याचा ढाचा. 2015 साली ‘सॉइल्ड सीड्स’ या अहवालाने भाजीपाल्याच्या बियाण्याकडे लक्ष वेधलं आणि त्यात कर्नाटकाबरोबर महाराष्ट्रातले प्लॉटही आले.

सरकारी कायदा या सगळ्यात मागेच होता. 1986 चा बालमजुरी कायदा ठरावीक धंद्यांनाच बंदी घालायचा, शेतातली बहुतेक कामं त्यात नव्हती. चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांतून दूर ठेवणारी दुरुस्ती झाली 2016 साली. तीही शाळा सुटल्यावर घरच्या कामात मदत करायची मुभा ठेवून. सीड प्लॉटवर ‘घरचं काम’ कुठे संपतं, हे कोण पाहणार?

तरीही बदल झाला, हे कबूल केलंच पाहिजे. कंपन्यांनी जिथे नेटाने लक्ष ठेवलं तिथे मुलं कमी झाली, हे टीकाकारांच्याच अहवालांनी नोंदवलं आहे. मात्र त्याच अहवालांत दुसरी ओळ प्रत्येक वेळी होती. बायकांना किमान वेतन मिळत नाही. समान वेतनाचा कायदा 1976 सालीच झाला, पण बाईचा रोज वेगळा आणि गड्याचा वेगळा, हे शिवारात आजही कोणी लपवत नाही.

माझ्या मते पेच इथेच आहे. मुलं बंद करायला कंपनीला फार पैसे लागत नाहीत. एक माणूस फिरवायचा, फलक लावायचा, रजिस्टर ठेवायचं. मजुरी वाढवायची तर बियाण्याचा भावच वाढवावा लागतो. कंपनी करार करते ऑर्गनायझरशी, म्हणजे मधल्या कंत्राटदाराशी, ऑर्गनायझर शेतकऱ्याशी, आणि शेतकरी बायकांशी तोंडी. भाव ठरतो वरती, रोज द्यावा लागतो खालती. कंपनीची आचारसंहिता ज्याच्या गळ्यात पडते त्या शेतकऱ्याच्या हातात भाव नसतो.

शिवाय पैसे यायला उशीर. बियाणं दिलं की ते जीओटीला, म्हणजे ग्रो-आउट टेस्टला जातं. नमुना पेरून झाडं वाढवून पाहतात, जात शुद्ध आहे का. लॉट फेल झाला तर शेतकऱ्याचा अख्खा हंगाम गेला, पण बायांचा रोज तर त्याने कधीच देऊन टाकलेला असतो, बहुधा उचल घेऊन. बियाण्याच्या शुद्धतेसाठी एवढी कडक परीक्षा आहे. ते बियाणं बनवणाऱ्या हाताला काय मिळालं, हे तपासायला कंपनीचा माणूस येतो तो वही पाहतो, आणि वहीत कायद्याचाच आकडा लिहिलेला असतो.

आता वारा पुन्हा फिरला आहे. पुरवठादारांकडच्या मजुरांबद्दलही कंपनीला जबाबदार धरणारा जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा जानेवारी 2023 पासून लागू झाला, युरोपीय संघाचा 2024 साली आला आणि लगेच पुढच्या वर्षी त्याची मुदत लांबवली गेली. आपल्याकडे सेबीने शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांकडून पुरवठादारांची माहितीही मागायचं ठरवलं, मग तीही ऐच्छिक केली. त्यात पुरवठादार म्हणजे कोण, याची व्याख्या ठरली आहे. कंपनीच्या एकूण खरेदीत ज्याचा वाटा किमान दोन टक्के आहे, तो. देऊळगाव राजाच्या दहा गुंठे शेडनेटवाल्याचा वाटा दोन टक्के व्हायला त्याला किती जन्म मिरची लावावी लागेल, याचा हिशेब कोणी करून पाहावा.