जुन्या घड्याळाची दुरुस्ती

बंद पडलेलें घड्याळ म्हणजे मोडलेलें घड्याळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि याच समजुतीपायीं अनेक चांगलीं घड्याळें कायमचीं निकामी होतात. वस्तुतः किल्लीचें घड्याळ वर्षानुवर्षें कपाटांत पडून राहिल्यानें थांबलें असेल, तर त्यांत बहुधा कांहींच तुटलेलें नसतें. आंतील तेल सुकून चिकट झालेलें असतें व त्यांत धूळ बसलेली असते, इतकेंच. खरी मोडतोड पुष्कळदां होते ती त्यानंतर, म्हणजे घरांतील एखादा उत्साही गृहस्थ सुरीच्या टोकानें त्याचें मागचें झाकण उचकटूं लागतो तेव्हां.

धाराशिव जिल्ह्यांतील कळंब हें मांजरा नदीच्या कांठचें तालुक्याचें गांव. तेथील घरांतून, आणि तेथून पुण्या-मुंबईस जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतून, आजोबांचें वा वडिलांचें एखादें किल्लीचें घड्याळ अद्याप जपून ठेवलेलें आढळतें. स्वातंत्र्यापूर्वींचें असेल तर तें बहुधा स्विस बनावटीचें असतें. नंतरचें असेल तर बहुधा एच. एम. टी. या सरकारी कारखान्याचें. या कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें बंगलोर येथें १९६१ सालीं मनगटी घड्याळें करण्यास प्रारंभ केला. त्याचें ‘जनता’ हें घड्याळ नांवाप्रमाणेंच सामान्य माणसाचें झालें. देवनागरी अंकांच्या तबकडीचीं ‘जनता’ घड्याळेंही निघालीं होतीं. पुढें बॅटरीच्या घड्याळांपुढें हा धंदा टिकला नाहीं, आणि जानेवारी २०१६ मध्यें केंद्र सरकारनें एच. एम. टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. त्यामुळें या घड्याळांचे सुटे भाग आतां मिळतात ते जुन्या शिल्लक सांठ्यांतून किंवा दुसऱ्या मेलेल्या घड्याळांतून. हौसेनें दुरुस्ती करूं पाहणाऱ्यानें पहिली गोष्ट ध्यानांत ठेवावयाची ती हीच: हातून बिघडलेला भाग बाजारांतून सहज परत आणतां येईल, असा भरंवसा नाहीं.

घड्याळाची रचना थोडक्यांत अशी. डबींत गुंडाळलेली कमान उलगडूं लागली म्हणजे दांत्यांच्या चाकांची माळ फिरते. या माळेच्या शेवटच्या चाकाला पॅलेट नांवाचा नांगराच्या आकाराचा लहानसा भाग क्षणोक्षणीं अडवितो आणि सोडतो. कधीं अडवावयाचें व कधीं सोडावयाचें हें ठरवितें बॅलन्सचें चाक. आणि त्याला मागें-पुढें झुलत ठेवते ती हेअरस्प्रिंग, म्हणजे केसासारखी बारीक कमान. ‘जनता’ घड्याळ सेकंदाला पांच, म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके देतें. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हां जें घड्याळ दिवसाकांठीं एक मिनिट चुकतें, तें १,४४० भागांत अवघा एक भाग चुकत असतें. इतक्या सूक्ष्म हिशेबांत धुळीचा एक कण म्हणजे रस्त्यावर आडवी पडलेली शिळाच होय.

म्हणून झाकण उघडण्यापूर्वीं घड्याळाची नीट तपासणी करावी. किल्ली कितीही फिरविली तरी घट्ट होत नसेल, तर कमान तुटलेली किंवा तिची अटकाव-कळ निसटत असण्याचा संभव आहे. किल्ली पूर्ण बसते पण घड्याळ चालत नाहीं, किंवा हलविल्यावर दोन मिनिटें चालून थांबतें, असें असेल तर दोष बहुधा मळाचा. ‘किल्ली जास्त दिल्यामुळें घड्याळ अडकलें’ असें सर्रास म्हटलें जातें, पण तें खरें नव्हे. पूर्ण किल्ली दिलेलें स्वच्छ घड्याळ चाललेंच पाहिजे. घड्याळ एकाएकीं दिवसाला कित्येक मिनिटें पुढें जाऊं लागलें, तर हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांस चिकटत आहेत असें समजावें. याचें कारण तिच्यावर उडालेलें तेल, किंवा लोहचुंबकाचा संसर्ग. ध्वनिवर्धक, मोबाइलच्या वेष्टनांतील चुंबक यांच्या सान्निध्यानें असें घडतें, आणि चुंबकत्व काढण्याचें छोटें यंत्र वापरल्यास झाकण न उघडतांही हा दोष जातो. चालत्या घड्याळाची चूक एक दिवस तबकडी वर ठेवून, एक दिवस ती खालीं ठेवून व एक दिवस घड्याळ उभें ठेवून लिहून घ्यावी. तिन्ही आंकड्यांत मोठी तफावत पडली, तर दोष बहुधा बॅलन्सच्या कण्याच्या टोकांशीं किंवा तीं ज्या माणकांत फिरतात त्यांच्याशीं आहे, असें अनुमान करतां येतें.

जागा व वेळ यांचाही विचार अवश्य आहे. कळंबकडील काळ्या जमिनीची बारीक धूळ उन्हाळ्यांत दारें-खिडक्या बंद असतांही घरांत शिरते. मुंबईस धूळ कमी वाटली तरी दमट हवेनें पोलादी भागांस गंज चढतो. तेव्हां काम सकाळच्या शांत वेळीं, पंखा बंद करून, पांढऱ्या कागदावर करावें. मेजाच्या कडेला फडकें टाचून त्याचें दुसरें टोक मांडीवर घ्यावें, म्हणजे उडालेला स्क्रू जमिनीवर न जातां फडक्यांत पडतो. एक भिंग, दोन चांगले चिमटे, बरोबर मापाचे पेचकस आणि झांकणाची डबी इतकें साहित्य आरंभास पुरे. प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें. आणि आजोबांच्या घड्याळास हात लावण्यापूर्वीं त्याच जातीचें एखादें टाकाऊ घड्याळ तीन-चार वेळां सोडवून पुन्हां जोडावें.

झाकण उघडल्यावर अगदीं पहिलें काम म्हणजे कमानीचा ताण उतरविणें. किल्ली बोटांत घट्ट धरून अटकाव-कळ हळूच बाजूस सारावी व किल्ली बोटांतून सावकाश उलटी फिरूं द्यावी. ताण न उतरवितां पॅलेट काढला, तर सारी चाकें एका क्षणांत भरधांव सुटतात आणि दांते किंवा टोकें मोडतात. हौशी माणसाच्या हातून होणारा हा सर्वांत महाग अपघात होय.

धुण्यासाठीं शुद्ध नॅफ्था वापरतात. तो ज्वालाग्राही असल्यामुळें दिवा, शेगडी दूर असावी व खिडकी उघडी असावी. पॅलेटचे खडे लाखेनें बसविलेले असतात आणि लाख मद्यार्कांत विरघळते. म्हणून पॅलेट स्पिरिटमध्यें भिजत ठेवूं नये. तेलाच्या बाबतींत हात आंखडताच बरा. माणकाच्या वाटींत तेलाचा अर्धा थेंबही अधिकच होतो. चाकांच्या दांत्यांस व पॅलेटच्या कण्यास तेल मुळींच देऊं नये. शिवणयंत्राचें तेल पसरून हेअरस्प्रिंगपर्यंत पोंचतें, आणि खोबरेल तर २४ अंशांच्या आसपासच थिजूं लागतें. पौषांतल्या पहांटे कळंबांत तें घड्याळासही थिजवील. घड्याळासाठीं म्हणून मिळणारें तेलच वापरावें.

तबकडीसंबंधीं दोन गोष्टी विशेष सांगावयाच्या आहेत. पहिली ही कीं, जुन्या तबकडीवरील डाग हा दोष नव्हे. ओल्या फडक्यानें पुसली तरी तिच्यावरील छापील अक्षरें उठून येतात. बाजारांत नव्यानें रंगविलेल्या झगमगीत तबकड्यांचीं जुनीं घड्याळें पुष्कळ मिळतात. पण तीं जाणकार घेत नाहींत, कारण मूळ तबकडीबरोबर घड्याळाची ओळखही पुसली गेलेली असते. आधुनिक प्लास्टिकच्या कांचेवरील ओरखडे पॉलिशनें घांसून घालवावे. तबकडी मात्र आहे तशी राहूं द्यावी. दुसरी गोष्ट प्रकृतीस अपायकारक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील कित्येक घड्याळांचे अंक व कांटे अंधारांत चमकावेत म्हणून रेडियममिश्रित रंगानें रंगवीत. अमेरिकेंत १९२० च्या सुमारास असा रंग देणाऱ्या तरुण कामकरी स्त्रिया कुंचला ओठांनीं टोंकदार करीत, आणि त्यांतील कित्येकींस त्यामुळें प्राण गमवावे लागले. ती चमक आज विझलेली असली तरी रेडियम विझलेलें नाहीं. त्याचा निम्मा अंश नाहींसा होण्यास सुमारें १,६०० वर्षें लागतात. असा पिवळट, ठिसूळ रंग दिसतांच झाकण लावून टाकावें. तो खरवडूं नये, फुंकरूं नये.

शेवटीं, थांबावें कोठें हें कळणें यांतच अर्धी विद्या आहे. बॅलन्सचा कणा मोडला, हेअरस्प्रिंग वांकली किंवा माणिक तडकलें, तर पुढील काम वर्षानुवर्षें याच उद्योगांत हात मुरलेल्या कारागिराचें आहे. तालुक्याच्या गांवीं असे कारागीर विरळ होत चालले आहेत, आणि त्यांना गिऱ्हाईक मिळालें तरच ही विद्या पुढें चालेल. तेव्हां हौशी माणसानें त्यांना प्रतिस्पर्धी न समजतां गुरु समजावें. घड्याळ त्यांच्या हातीं देतांना आपण काय पाहिलें, काय उघडलें आणि कोठें थांबलों, हें मोकळेपणानें सांगावें. ज्या घरांत घड्याळाविषयीं एवढी समज आहे, त्या घरांतील घड्याळ आणखी एक पिढी चालेल, असें मानण्यास हरकत नाहीं.