घर झटकणं म्हणजे नेमकं काय? इराणमधल्या नवरोजपूर्व साफसफाईविषयी

या व्याख्यानमालेत आपण रोजच्या जगण्यातली एकेक साधी गोष्ट घेतो आणि तिच्याकडे जरा थांबून पाहतो. आज साफसफाई. काहींना वाटेल, तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक केरसुणीवर काय बोलणार? पण शुद्ध काय, अशुद्ध काय, ठेवायचं काय नि टाकायचं काय, हे प्रश्न ग्रंथांत शिरण्याआधी घरात आलेले असतात. आणि तिथे ते बहुधा बायकांनी सोडवलेले असतात.

आपल्या ओळखीची मोठी साफसफाई दसरा-दिवाळीची. पावसाळा सरतो, भिंतींची ओल वाळते, मग आपण गाद्यांना ऊन दाखवतो, कपाटांतली बुरशी पुसतो, कोंदट वास घालवतो. आपला शत्रू ओल. आज मुद्दाम उलट हवामान घेऊ: इराणचं पठार. तेहरान एलबुर्झ पर्वताच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवर वसलं आहे. शहराच्या मैदानी भागात वर्षाला पाऊस पडतो जेमतेम २५० मिलिमीटर. मुंबईत तेवढा जुलैच्या एखाद्या आठवड्यात पडून जातो. हिवाळ्यात तेहरानला बर्फ पडतं. वायव्येकडच्या तबरीझला तर थंडी अधिकच कडक.

आता पाहा, बर्फ म्हणजे पाणी, मग घर कोरडं कसं? शून्य अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त पाच ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. तीच हवा घरात येऊन वीस अंशांपर्यंत तापली, की तिच्यात सतरा ग्रॅम मावू शकतं. पण असतं तेवढंच, पाच. म्हणजे सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली उतरते. बाहेर बर्फ आणि आत वाळवंट. अशा हवेत धूळ जड होऊन खाली बसत नाही, जरा धक्का लागला की तरंगते. लोकरीच्या गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो; तीच स्थिर वीज धुळीला पडद्यांकडे नि काचांकडे ओढते. त्यात खिडक्या महिनोन्‌महिने बंद. पूर्वी घरोघरी ‘कोर्सी’ असे: एक बुटकं लाकडी मेज, खाली निखाऱ्यांची शेगडी, वर मोठी दुलई आणि भोवती सगळं घर पाय आत घालून बसलेलं. ऊब मिळे, पण राख आणि काजळीही मिळे. आता गॅस आला, तरी कोरडेपणा आहे तोच.

म्हणून इराणी वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, इस्फंदमध्ये, म्हणजे साधारण २० फेब्रुवारी ते २० मार्च या काळात, घरं उलटीपालटी होतात. वसंतसंपाताच्या नेमक्या क्षणी नवं वर्ष लागतं, त्याच्या आत हे उरकायचं. या कामाला ते ‘खाने-तकानी’ म्हणतात. खाने म्हणजे घर. आपल्या दवाखान्यातला आणि कारखान्यातला ‘खाना’ तोच. तकानी म्हणजे हलवणं, झटकणं. घर पुसणं नव्हे, घर झटकणं. शब्दातच हवामान आहे. ओलीचा मळ खरवडावा लागतो, कोरडा मळ झटकावा लागतो.

कामाचा क्रमही त्यातूनच ठरतो. आधी कोरडं, मग ओलं. आधी वरचं, मग खालचं. छत, दिवे, पडदे, कपाटांचे माथे, मग फडताळं, शेवटी जमीन. साचलेल्या धुळीवर आधीच पाणी टाकलं तर तिचा चिखल होतो आणि तो भिंतीत नि विणीत मुरतो. झटकून झाल्यावर नुसतं दमट फडकं पुरतं. हीटरवर हवेसाठी ठेवलेल्या किटलीत जड पाण्याचा पांढरा थर बसलेला असतो. तो व्हिनेगरने सुटतो. गंमत म्हणजे हेच व्हिनेगर, ‘सेर्के’, नवरोजच्या हफ्त-सीन मांडणीत सात वस्तूंपैकी एक म्हणून मानाने बसतं. आणि एक गोष्ट दिसत नाही म्हणून राहून जाते: धुराडं. ते तुंबलं तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणूस मारतो. धूळ डोळ्यांना दिसते म्हणून आपण तिच्यामागे लागतो. धोका मात्र नेहमी दिसणाऱ्या मळातच असतो असं नाही.

मग गालिचे. फारसीत ‘फर्श’ म्हणजे अंथरलेला गालिचा. मराठीत तोच शब्द ‘फरशी’ होऊन दगडाला चिकटला. आपण फरशी पुसतो, ते फर्श बडवतात आणि धुतात. तेहरानजवळ रे इथे चश्मे-अली नावाचा झरा आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक गालिचे धुऊन शेजारच्या खडकांवर वाळत घालत असत. लोकरीला गार पाणी लागतं, कढत पाण्याने ती आटते आणि रंग फुटतात. पुरता वाळल्याशिवाय गुंडाळला तर कुजतो, आणि न झटकता ठेवला तर कसर लागते.

इथवर झालं ते कसं करायचं. आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ: यातून ‘स्वच्छ’ होतं म्हणजे काय होतं? मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ च्या ‘प्युरिटी अँड डेंजर’ या पुस्तकात म्हटलं, की मळ हा वस्तूचा गुण नाही. वस्तू तिच्या जागी नसली की तिला आपण मळ म्हणतो. बागेतली माती माती असते, गालिच्यावरची माती मळ. फारसी भाषा याला साक्ष देते. स्वच्छ या अर्थी तिथला रोजचा शब्द आहे ‘तमीझ’. त्याचं अरबी मूळ ‘तम्यीझ’, म्हणजे वेगळं ओळखणं, भेद करणं. आपल्या परंपरेत ज्याला विवेक म्हणतात, त्याच्या अगदी शेजारचा हा अर्थ. शिवाय ‘पाक’ हा निराळा शब्द आहे, तो धार्मिक शुद्धतेचा. गालिचा तमीझ असूनही पाक नसू शकतो. त्यासाठी विधीप्रमाणे पाणी घालून तो पुन्हा खंगाळावा लागतो. आपल्याकडचं सोवळं आठवा. धुतलेलं लुगडं आणि सोवळ्यातलं लुगडं यांत फरक होताच की. स्वच्छता डोळ्यांना तपासता येते, शुद्धता मान्यतेवर चालते. या दोहोंची गल्लत झाली की वस्तूंपुरता असलेला भेद माणसांवर जाऊन बसतो. आपल्या समाजाने याची काय किंमत मोजायला लावली, आणि कोणाला, हे इथे सांगायला नको.

झटकण्याला आणखी एक अर्थ आहे. जरथुष्ट्री श्रद्धेनुसार वर्षाच्या अखेरच्या दहा दिवसांत पितरांचे फ्रवशी घरी येतात, म्हणून घर त्यांच्यासाठी आवरायचं. आपल्याकडचे पारशी हेच दिवस मुक्ताद म्हणून पाळतात. पण त्यांच्या शहेनशाही पंचांगात लीप दिवस न धरल्यामुळे वर्ष सरकत सरकत ऑगस्टच्या मध्यावर आलं. मुंबईच्या भर पावसात पितरांचं स्वागत होतं. कारण हिवाळ्याचं होतं, हिवाळा गेला, तरी आवरणं राहिलं. रूढी अशी जगते. ती निरर्थक झाली असं मात्र आम्ही म्हणणार नाही. कोणी येणार आहे या जाणिवेने घर आवरणं, हा अर्थ शिल्लक आहेच.

आता अवघड भाग. या झटकण्याचा बहुतेक भार बायकांवर पडतो, किंवा पैसे देऊन आणलेल्या मजुरांवर. उंच खिडकीबाहेर लटकून काच पुसणारा माणूस आपल्या ‘नव्या सुरुवातीत’ कुठे बसतो? आणि पाणी. गेल्या काही वर्षांच्या दुष्काळात तेहरानला पाणी पुरवणारी धरणं तळाला गेली. अशा वेळी गालिचे धुण्याची हौस कोणाच्या वाटचं पाणी घेते, हा प्रश्न सुटत नाही. आपल्या मराठवाड्यातल्या श्रोत्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

आम्हाला वाटतं, उत्तराची दिशा त्या शब्दातच आहे. कोरड्या मुलखाने झटकायला शिकवलं, कारण पाणी कमी होतं. बहुतेक मळ पाण्याविना जातो. पाणी शेवटी, थोडं, जिथे खरोखर लागेल तिथे. आणि तमीझ म्हणजे भेद ओळखणं असेल, तर धुवायचं कशाला आणि नुसतं झटकून कशाचं भागेल, घरातल्या कोणी काय उचलायचं, हेही त्यातच आलं. पुढच्या व्याख्यानात आपण याच धाग्याने ‘टाकाऊ’ या कल्पनेकडे जाऊ. आता प्रश्न असतील तर घेऊ या.