हवेतील अदृश्य प्रवासी

सकाळच्या वेळी झरोक्यातून उन्हाचा कवडसा घरात उतरतो, तेव्हा त्या उजेडाच्या पट्ट्यात असंख्य कण तरंगताना दिसतात. कवडसा सरला की ते दिसेनासे होतात. परंतु नाहीसे मात्र होत नाहीत. हवा आपल्याला रिकामी वाटते, पण ती कधीच रिकामी नसते. फुलांचे पराग, बुरशीचे बीजाणू, कापडाचे तंतू, प्राण्यांच्या त्वचेचा कोंडा, मातीची धूळ असे नाना प्रकारचे प्रवासी तिच्यातून अहोरात्र संचार करीत असतात. प्रत्येक श्वासाबरोबर त्यांतले काही आपल्या नाकात शिरतात. बहुतेकांना त्याची जाणीवही होत नाही. काही माणसांना मात्र त्यांतल्याच एखाद्या कणाचा स्पर्श होताच शिंकांवर शिंका येऊ लागतात, डोळे चुरचुरतात, नाकातून पाणी वाहते आणि कधी कधी छाती दाटून श्वास घेणेही कठीण होते. हवा तीच, कण तेच. मग एकाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याचा जीव कासावीस होतो, असे का व्हावे?

या प्रश्नाचा मागोवा घेणाऱ्यांत दोन इंग्रज डॉक्टर अग्रभागी होते, आणि दोघेही स्वतःच या विकाराने गांजलेले होते. त्यांपैकी डॉ. जॉन बॉस्टॉक यांना लहानपणापासून दर उन्हाळ्यात हा त्रास होत असे. १८१९ साली त्यांनी लंडनमधील डॉक्टरांच्या सभेपुढे आपल्या दुखण्याचे तपशीलवार वर्णन मांडले. इंग्लंडात उन्हाळ्यात गवत कापून वाळवितात. त्यावरून लोक या विकाराला ‘गवती ताप’ म्हणू लागले. त्याचे कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी उन्हाला दोष देई, कोणी वाळल्या गवताच्या वासाला, तर कोणी रस्त्यावरच्या धुळीला.

मँचेस्टरचे डॉ. चार्ल्स ब्लॅकली यांनी केवळ तर्कावर विसंबून न राहता एकेका संशयिताची परीक्षा घेतली, आणि तीही स्वतःच्या शरीरावर. ऊन, वास, धूळ यांची पारख झाल्यावर त्यांनी गवताच्या फुलांचे पराग आपल्या नाकपुड्यांना लावून पाहिले. लगेच शिंका सुरू झाल्या. मग हवेत पराग किती असतात, हे मोजण्यासाठी त्यांनी काचेच्या पट्ट्यांना चिकट द्रव लावला, त्या उघड्यावर ठेवल्या आणि त्यांवर बसलेले पराग सूक्ष्मदर्शकाखाली रोज मोजले. ज्या दिवसांत परागांची संख्या वाढे, त्याच दिवसांत त्यांचा त्रासही वाढे. उंचावरच्या हवेत काय आहे हे पाहण्यासाठी त्यांनी अशा पट्ट्या चक्क पतंगांना बांधून आकाशात सोडल्या. हजार फुटांहून अधिक उंचीवरही पराग सापडले! गवताचे रान कोसभर दूर असले तरी वारा त्याचे पराग घरापर्यंत आणतो, हे त्यावरून उघड झाले. १८७३ साली त्यांनी आपले सर्व प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

पराग हे निमित्त आहे, हे कळले. परंतु ते एकालाच का बाधतात, हे कोडे उरलेच होते. त्याची उकल पुढे हळूहळू झाली. १९०६ साली व्हिएन्नाचे डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी शरीराच्या अशा वेगळ्या प्रतिक्रियेला ‘ॲलर्जी’ हे नाव दिले. आपल्याकडे त्यासाठी ‘वावडे’ हा जुना आणि नेमका शब्द आहे. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक पहारेकऱ्यांची फौज असते. एरवी ती शत्रू आणि पाहुणा यांतला भेद ओळखते. ज्याला वावडे असते, त्याच्या शरीरातील पहारेकरी निरुपद्रवी परागालाच शत्रू मानून बसतात आणि त्याच्याविरुद्ध एक विशिष्ट प्रतिपिंड तयार करून ठेवतात. या प्रतिपिंडाचा शोध १९६६-६७ च्या सुमारास किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत आणि इतर संशोधकांनी स्वीडनमध्ये लावला. पुन्हा तोच पराग आला की नाकातील व श्वासनलिकांतील पेशी हिस्टामीन व तत्सम द्रव्ये सोडतात. त्यामुळे आतील अस्तर सुजते, खाज सुटते, पाणी झरू लागते. श्वासनलिका आकुंचन पावल्या तर दम लागतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार होय. मात्र त्याचे क्लेश सोसावे लागतात ते घरधन्याला.

आता या प्रवाशांची थोडी ओळख करून घेऊ. पहिला मान परागांचा. सुंदर, सुगंधी फुलांवर लोक उगाच संशय घेतात. गुलाब किंवा जास्वंद यांसारख्या फुलांचे पराग जड व चिकट असतात. ते कीटकांच्या अंगाला चिकटून प्रवास करतात, हवेत फारसे उडत नाहीत. याउलट गवताच्या तुऱ्याला ना रंग, ना गंध. कीटक त्याच्याकडे सहसा फिरकत नाहीत, म्हणून ते आपले हलके पराग विपुल प्रमाणात वाऱ्यावर सोपवून देते. त्यातला एकेक कण मिलिमीटरच्या सुमारे तीस ते चाळीस सहस्रांशांएवढा लहान असतो. आपल्याकडे पावसाळा सरता सरता माळरानावर गवताला तुरे येतात आणि काहींच्या शिंकांचा हंगाम सुरू होतो.

महाराष्ट्रात याच्या जोडीला गाजरगवत आहे. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. १९५५ च्या सुमारास पुण्याच्या परिसरात ती लक्षात आली आणि पाहता पाहता देशभर पसरली. गाजरासारखी पाने आणि पांढरी बारीक फुले यांवरून ती सहज ओळखता येते. एकेक रोप हजारो बिया टाकते. तिच्या परागांनी अनेकांना शिंका व दमा यांचा त्रास होतो आणि नुसत्या स्पर्शानेही काहींच्या कातडीवर पुरळ उठते. म्हणून ती फुलण्यापूर्वी, हातमोजे घालूनच उपटावी लागते.

एरवी पराग बहुधा नाकातच अडकून पडतात. पण निसर्गाचा एखादा योग जुळून आला, तर ते किती खोलवर घाव घालू शकतात, हे ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराने २१ नोव्हेंबर २०१६ रोजी अनुभवले. त्या संध्याकाळी मेघगर्जनेसह वादळ आले. हवेत गवताचे पराग भरलेले होते. ओलाव्याने पराग फुटून त्यांचे अतिसूक्ष्म तुकडे झाले आणि ते थेट श्वासनलिकांत उतरले. काही तासांतच हजारो माणसे धापा टाकीत रुग्णालयांत पोहोचली. दहा जण दगावले. ज्यांना पूर्वी केवळ शिंकाच येत, अशांनाही त्या दिवशी दम्याने गाठले होते.

दुसरा प्रवासी म्हणजे बुरशीचा बीजाणू. तो बहुधा परागाहूनही लहान असतो. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंती, कुजणारा पालापाचोळा, दमट कोठारातले धान्य ही त्याची वसतिस्थाने होत.

तिसरा प्रवासी घरातच राहतो. घरच्या धुळीने दमा उसळतो, हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होते. परंतु धुळीतले नेमके काय बाधते, हे १९६४ साली नेदरलँड्समधील लायडन येथे डॉ. फोरहॉर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. कोळ्याच्या कुळातला, पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर लांबीचा ‘माइट’ नावाचा जीव गादी, उशी आणि गोधडी यांत वस्ती करतो. माणसाच्या अंगावरून गळणारा त्वचेचा कोंडा हे त्याचे अन्न. तो चावत नाही. पण त्याच्या विष्ठेचे कण अंथरूण झटकताना हवेत उडतात आणि श्वासावाटे आत जातात. तो पाणी पीत नाही, हवेतील ओलाव्यावरच जगतो. त्यामुळे मुंबई व कोकण यांसारख्या दमट प्रदेशांत तो चांगलाच फोफावतो. मांजरा-कुत्र्यांच्या अंगावरचा कोंडा आणि झुरळांचे अवशेष यांचेही कित्येकांना वावडे असते.

या सर्वांना जगातून हद्दपार करता येणार नाही, आणि तशी इच्छाही कोणी धरू नये. परागांवाचून गवताला बी धरणार नाही आणि शेतात धान्य पिकणार नाही. मात्र त्यांच्याशी होणारी गाठभेट कमी करता येते. गाद्या-उशांना वरचेवर कडक ऊन दाखवावे, चादरी व अभ्रे गरम पाण्यात धुवावेत, कोरड्या झाडूने धूळ उडविण्याऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसावी, भिंतीची ओल वेळीच हटवावी. सणासुदीच्या साफसफाईत धुळीचे वावडे असलेल्याला झटकण्याचे काम देऊ नये. कोणत्या कणाचे वावडे आहे, हे डॉक्टर त्वचेवरील साध्या चाचणीने ठरवू शकतात. लंडनच्या लेनर्ड नून यांनी परागांच्या अर्काच्या अल्प मात्रा टोचून शरीराला त्यांची सवय लावण्याचा प्रयोग १९११ साली प्रसिद्ध केला. त्याच तत्त्वावरील उपचार आजही केले जातात.

एवढे कळल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. वर्गात सारखा शिंकणारा किंवा खेळता खेळता धाप लागून थांबणारा मुलगा ढोंगी नसतो, दुबळा नसतो आणि त्याचा दमा इतरांना लागतही नाही. कित्येक मुले हसण्याच्या भीतीने श्वासातून औषध घेण्याचा पंप दप्तरात लपवून ठेवतात आणि ऐन वेळी तो काढायला लाजतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या औषधाचे व्यसन लागत नाही. उलट ते थेट श्वासनलिकेत पोहोचून प्राण वाचविते. अशा वेळी सोबत्यांनी त्याला शांतपणे बसवावे, त्याचा पंप त्याच्या हाती द्यावा आणि तत्काळ गुरुजनांना बोलवावे. हवेतील कण कोणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण शेजारच्या बाकावरील सोबत्याचे कष्ट तरी आपल्याला दिसले पाहिजेत.