रोपांची मागणी नोंदवताना एकूण रक्कम कशी पडताळावी?

— ऊस विकास अधिकारी



ऊस रोपांची मागणी आता मोबाईलवरच्या अर्जातून नोंदवता येते. अर्जात एकेका चौकटीवर बोट ठेवलं की खाली यादी उघडते. त्यातून जात निवडायची, लागवडीचं अंतर निवडायचं, क्षेत्र भरायचं, गावापर्यंतच्या वाहतुकीचा टप्पा निवडायचा. तळाशी एकूण रक्कम आपोआप येते. सोय चांगली आहे. पण ही रक्कम पुढे उसाच्या बिलातून वसूल होणार असते. म्हणून ती कशी येते हे प्रत्येक सभासदाला ठाऊक असावे, यासाठी हा लेख.

प्रथम माझीच चूक सांगतो. मागील हंगामात अभोण्याकडील एका सभासदाचा अर्ज गट कार्यालयात मीच भरून दिला. त्यांची जमीन एक एकर, अंतर पाच बाय दोन फूट. घाईत क्षेत्रापुढील यादीत ‘एकर’ऐवजी ‘हेक्टर’ निवडले गेले. ४,३५६ रोपांऐवजी १०,७६४ रोपांची गाडी बांधावर उभी राहिली. ६,४०८ रोपे जादा! तळाची रक्कम अडीच पट झाली होती, पण ती ना मी वाचली, ना त्यांनी. काही रोपे शेजाऱ्यांनी नेली, बाकीची ट्रेमध्येच सुकली. जादा रक्कम त्यांच्या खात्यावरून कमी केली, पण सुकलेली रोपे कोण परत आणणार?

यादीच्या मागे काय असते?

यादीतल्या प्रत्येक नावामागे एक आकडा दडलेला असतो. आपल्याला दिसते ‘पाच बाय दोन फूट’, यंत्राला त्यातून मिळते एकरी ४,३५६. जातीच्या नावामागे एका रोपाचा दर असतो, वाहतुकीच्या टप्प्यामागे ठोक भाडे. आपण नाव निवडतो, यंत्र आकडा उचलते आणि हिशेब करते. यात जादू काही नाही.

रोपांचा आकडा येतो कुठून? एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्याला सरीचे अंतर गुणिले दोन रोपांतील अंतर याने भागायचे. एकरी रोपे अशी येतात :

४ × २ फूट : ५,४४५
५ × १.५ फूट : ५,८०८
५ × २ फूट : ४,३५६
६ × २ फूट : ३,६३०

म्हणजे जात तीच, शेत तेच, पण अंतराच्या यादीत एक ओळ वर-खाली झाली तरी एकरी शेकडो रोपांचा, कधी जवळपास दीड हजार रोपांचा फरक पडतो.

हिशेब करून पाहू

समजा, एका सभासदाला दीड एकरासाठी को ८६०३२ ची रोपे पाच बाय दोन फुटांवर लावायची आहेत. समजण्यासाठी दर रोपाला २ रुपये आणि वाहतूक ९०० रुपये धरू. (हे केवळ उदाहरण आहे, चालू दर गट कार्यालयातील दरपत्रकात पाहावेत.)

रोपे : ४,३५६ × १.५ = ६,५३४
रोपांची किंमत : ६,५३४ × २ = १३,०६८ रुपये
वाहतूक (ठोक) : ९०० रुपये
एकूण : १३,९६८ रुपये

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. रोपांची किंमत क्षेत्राबरोबर वाढते, ठोक वाहतूक वाढत नाही. आधी बेरीज करून मग सगळ्यालाच दीडने गुणले तर १४,४१८ रुपये येतील, म्हणजे ४५० रुपये जास्त. म्हणून कोणता आकडा एकरी, कोणता नगावर आणि कोणता ठोक, हे आधी विचारून घ्यावे.

चुका कुठे होतात?

१) एकर, हेक्टर आणि आर. आपण बोलतो एकर-गुंठ्यांत, सातबारा असतो हेक्टर-आरमध्ये. हेक्टर म्हणजे १०० आर, सुमारे २.४७ एकर. आर आणि गुंठा जवळपास सारखेच. सातबाऱ्यावर ६० आर, म्हणजे ०.६० हेक्टर असेल तर ते जवळजवळ दीड एकर. पण ‘एकर’ निवडून ०.६० लिहिले तर रोपे येतील फक्त २४ गुंठ्यांची! लागवडीच्या दिवशी उरलेल्या सऱ्यांत काय लावायचं?

२) न निवडलेली चौकट. ‘निवडा’ असे लिहिलेली चौकट तशीच राहिली तर काही अर्जांत तिची किंमत शून्य धरली जाते. बेरीज कमी दिसली म्हणून आनंदू नका, एखादी निवड राहिली असेल.

३) मागाहून केलेला बदल. अंतर बदलले की तळाची रक्कम लगेच बदलली पाहिजे. बदलली नाही तर तो आकडा जुन्या निवडीचा आहे. अर्ज पुन्हा उघडून भरावा.

४) बेरीज न होता आकडे जुळणे. यादीतला आकडा ही संख्या आहे असे यंत्राला सांगावे लागते. तसे सांगायचे राहिले तर ते आकड्याला अक्षरे समजते आणि १३,०६८ पुढे ९०० नुसते चिकटवून १,३०,६८,९०० दाखवते. असा कोटीचा आकडा दिसला तर घाबरू नका. दोष अर्जाच्या मांडणीत आहे. आम्हाला कळवा.

५) जुना दर. दरपत्रक बदलले, पण यादीमागचा दर तोच राहिला, असे होऊ शकते. म्हणून पडद्यावरची रक्कम अंदाज समजावी. कार्यालयाने आपल्या निवडीवरून चालू दराने पुन्हा हिशेब करायचा असतो. तो कागद मागून घ्या व आपल्या आकड्याशी ताडून पाहा.

बाजार समितीत कांदा विकला की आपण काय करतो? पट्टी हातात पडताच वजन गुणिले भाव मनातल्या मनात करून पाहतो. आकडा जुळल्याशिवाय पट्टी खिशात जात नाही. मोबाईलवरच्या रकमेलाही तीच सवय लावावी. अर्ज पाठवण्याआधी क्षेत्र, एकरी रोपे, दर आणि ठोक खर्च हे चार आकडे वहीत लिहा आणि स्वतः हिशेब करा. पाच मिनिटांचं काम आहे. फरक आला तर अर्ज पाठवू नका, गट कार्यालयात या. आपण समोरासमोर बसून तो काढू.

मी आता कोणाचाही अर्ज भरताना तळाची रक्कम आणि रोपांची संख्या मोठ्याने वाचून दाखवतो. सभासदाने ‘बरोबर’ म्हटल्यावरच पुढचे बटण दाबतो. आपणही घरी मुलाने किंवा नातवाने अर्ज भरला तर त्याला एवढंच म्हणा : “बाळा, खालचा आकडा वाच बरं.”