१९७४चे अ‍ॅल्युमिनियम सेंट

१९७४चे अ‍ॅल्युमिनियम सेंट हे अमेरिकेच्या टांकसाळीने पाडलेले, परंतु चलनात कधीच न आलेले प्रायोगिक नाणे होय. पुढे अब्राहम लिंकन व मागे लिंकन स्मारक ही छाप नेहमीच्या सेंटचीच आहे. फरक केवळ धातूचा. त्या काळच्या सेंटमध्ये ९५ टक्के तांबे असे व त्याचे वजन ३.११ ग्रॅम होते. त्याच आकाराचे अ‍ॅल्युमिनियमचे नाणे जेमतेम ०.९३ ग्रॅम भरते.

पार्श्वभूमी

१९७३ साली तांब्याचे भाव चढल्याने सेंटमधील धातूची किंमत त्याच्या दर्शनी मूल्याजवळ पोहोचू लागली. धातू नाण्याहून महाग झाला की लोक नाणी साठवतात किंवा वितळवतात आणि बाजारात सुट्या पैशांची टंचाई होते. म्हणून टांकसाळीने ९६ टक्के अ‍ॅल्युमिनियम असलेला मिश्रधातू सुचवला. अशा नाण्यांत नवलाई नव्हती. भारतात ३ पैशांचे अ‍ॅल्युमिनियमचे नाणे १९६४ सालीच निघाले होते. संसदेची मंजुरी गृहीत धरून पुढील वर्षाचा आकडा घातलेली १५ लाखांहून अधिक नाणी पाडण्यात आली. प्रयोगासाठी ही संख्या अवाढव्यच म्हणावी लागेल.

विरोध

विक्रीयंत्रांचे व्यावसायिक आणि तांबे उद्योग यांनी प्रस्तावाला विरोध केला. त्यामागे त्यांचे हितसंबंध उघड होते. बालरोगतज्ज्ञांचा आक्षेप मात्र वेगळा होता. लहान मुले नाणी गिळतात; अ‍ॅल्युमिनियम हलके असल्याने क्ष-किरण त्यातून जवळपास शरीरातील मऊ ऊतींप्रमाणेच आरपार जातात. त्यामुळे अन्ननलिकेत किंवा श्वासनलिकेत अडकलेले नाणे क्ष-किरण चित्रात ओळखणे कठीण होते. पुढे तांब्याचे भावही उतरले, प्रस्ताव मागे पडला आणि नाणी वितळवण्यात आली.

उरलेली नाणी

संसद सदस्यांना दाखवण्यासाठी काही नमुने वाटण्यात आले होते. टांकसाळीने ते परत मागितले, तेव्हा सुमारे डझनभर नाणी परत आलीच नाहीत. एक नमुना स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. दुसरे नाणे संसद भवनातील एका पोलिसाला सापडले व सदस्याने ते त्यालाच ठेवू दिले, असे सांगितले जाते.

डेन्व्हर टांकसाळीत पाडलेले, ‘डी’ चिन्ह असलेले एक नाणे तेथील माजी अधिकाऱ्याच्या मुलाने विकले आणि २०१४ साली त्याचा लिलाव जाहीर झाला. टांकसाळीने ते सरकारी मालमत्ता असल्याचे सांगून परत मागितले. प्रकरण न्यायालयात गेले. अखेर २०१६ साली नाणे टांकसाळीला परत देण्यात आले.