गल्ली हरवलेल्यांचं घर

नाशिकला मुक्या जिवांना आसरा देण्याची रीत जुनी आहे. इथल्या पांजरपोळात १८७८ पासून गुरं सांभाळली जातात. कुत्र्याच्या वाट्याला मात्र वाड्याच्या पायरीवरची शिळी भाकरी आली, नाहीतर दगड. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव आपल्याला लहानपणीच भेटतात. गाडीखाली आलेल्या कुत्र्यामागे धावणारी माणसं आज ‘शरण फॉर अ‍ॅनिमल्स’सारख्या इथल्या संस्थांमध्ये भेटतात.

पावसाळ्यात अशा ठिकाणी सगळ्यात जास्त काम असतं अळ्या पडलेल्या जखमांचं. जखमेवर माशी बसली की दिवसभरात अळ्या होतात. वरून भोक बोटभर दिसतं, आत मांस पोखरलेलं असतं. एकाने कुत्र्याच्या तोंडाला पट्टी बांधून मान धरायची, दुसऱ्याने औषध सोडायचं आणि वर येतील तशा अळ्या चिमट्याने टिपायच्या. खोल दडलेल्या एका बैठकीत निघत नाहीत, म्हणून उद्या पुन्हा तेच.

मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या मधूनच जातो. धडकेत कणा मोडला की कुत्र्याचं मागचं धड लुळं पडतं, लघवीही आपसूक होत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पोट दोन्ही हातांत धरून मूत्राशय हलकेच दाबावं लागतं, कूस बदलावी लागते. हे वर्षानुवर्षं, दिवाळीच्या दिवशीसुद्धा. माझ्या मते आश्रयस्थानाची खरी पारख इथे होते. सुटकेचा व्हिडिओ मिनिटभराचा असतो.

हरवलेला कुत्रा लगेच ओळखू येतो. गळ्याभोवतीचे केस पट्ट्याने झिजलेले असतात. फटाक्यांना बिचकून पळालेला, नाहीतर कुणी मुद्दाम सोडलेला. गल्लीत वाढलेला कुत्रा कचराकुंडी हुंगतो, हा थांबलेल्या प्रत्येक गाडीच्या दाराशी जातो. आणून ठेवला तरी दोन-दोन दिवस ताटलीला तोंड लावत नाही आणि फाटक वाजलं की उठून उभा राहतो.

‘सगळेच कुत्रे आश्रयस्थानात का नेत नाहीत?’ असं लोक विचारतात. दाटीवाटीत पार्व्होसारखा रोग शिरला तर पिल्लांची रांगच्या रांग जाते. म्हणून नवा आलेला आधी वेगळा ठेवावा लागतो, आणि जागा कायम अपुरी पडते. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितलं, की नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा त्याच्याच भागात सोडावा. रेबीजचा संशय असलेला किंवा आक्रमक कुत्रा मात्र सोडू नये. शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं यांच्या आवारांसाठी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेगळा आदेश आला, तिथले कुत्रे परत सोडायचे नाहीत. म्हणजे आश्रयस्थानांवरचा भार वाढणारच. लुळ्यांना, म्हाताऱ्यांना तिथे जागा उरायची तर धडधाकट कुत्र्याला त्याची गल्ली परत मिळायला हवी.

तेव्हा कानाला नसबंदीच्या खुणेची खाच पाडलेला कुत्रा तुमच्या गल्लीत परत आला, तर त्याला त्याच्या जागी बसू द्या, पाण्याचं भांडं भरून ठेवा. आणि घरी कुत्रा असेल तर त्याच्या पट्ट्यावर आजच आपला फोन नंबर लिहा.