९० बोल्ट आणि ८७ जीव

कुर्ला, कलिना, घाटकोपरच्या वस्त्यांत वाढलेल्या आपल्या दोन पिढ्यांनी विमान पाहिले ते खालूनच. पत्रे थरथरायचे, बोलता बोलता वाक्य अर्धवट थांबवायचे आणि विमान गेले की पुढे बोलायचे, एवढाच विमानाचा आणि आपला संबंध. आता तसे राहिलेले नाही. कोणाचा मुलगा आखातात वेल्डर आहे, कोणाची मुलगी बंगळूरला नोकरी करते, कोणी निवृत्तीच्या पैशातून बुद्धगयेला नाहीतर श्रीलंकेला जाऊन येतो. नागपूरच्या विमानतळाला तर बाबासाहेबांचेच नाव आहे. तेव्हा हवेत असताना काही बिघडले तर काय होते, आणि मुख्य म्हणजे ते का होते, हे आपल्या घरातल्या लहानथोरांनी समजून घ्यायला हवे.

पहिली घटना मुंबईचीच. २० सप्टेंबर २०१८ रोजी सकाळी जेट एअरवेजचे विमान १६६ प्रवासी घेऊन जयपूरला निघाले. विमान वर चढत असतानाच डोक्यावरचे मास्क खाली लोंबू लागले. कानात कळा, डोके ठणकू लागलेले. सुमारे ३० जणांच्या नाकाकानातून रक्त आले. वैमानिकांनी विमान मुंबईला परत आणले आणि सगळे वाचले. बिघाड कसला होता? विमान तसे धडधाकट होते. आत हवेचा दाब राखण्यासाठी इंजिनाकडची हवा प्रवासी कक्षात घ्यावी लागते. त्यासाठीचा खटका चालू करायला वैमानिक विसरले, असे विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितले. एक खटका! (ही कंपनी एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली ती पैशाच्या अडचणीमुळे. त्याचा या घटनेशी संबंध नाही.)

इथे मास्कविषयी सांगितले पाहिजे, कारण सूचना चालू असताना आपण बहुतेक जण खिडकीबाहेर पाहत असतो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ असते की आतला दाब गेला तर माणसाची शुद्ध अर्ध्या ते एका मिनिटात हरपू लागते. म्हणून मास्क आला की ओढून घ्यायचा, नाक आणि तोंड दोन्ही झाकायचे. आधी आपला लावायचा, मग लेकराचा. आईला हे पटत नाही, पण आईच बेशुद्ध पडली तर लेकराला मास्क कोण लावणार? मास्कची पिशवी फुगली नाही तरी प्राणवायू येत असतो. तो साधारण १२ ते १५ मिनिटे पुरतो. तेवढ्या वेळात वैमानिक विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणतो. त्या वेळी विमान कोसळतेय असे वाटते, लोक किंचाळतात. ते कोसळत नसते, मुद्दाम खाली आणलेले असते. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीच्या विमानाचे इंजिन हवेत फुटून खिडकी तुटली आणि एक प्रवासी महिला मरण पावली. त्या वेळच्या छायाचित्रांत कित्येकांनी मास्क फक्त तोंडावर धरलेला दिसतो, नाक उघडेच. शिकलेसवरलेले लोक होते ते.

आता जुनी गोष्ट. २४ जून १९८२ ची रात्र. ब्रिटिश एअरवेजचे जंबो विमान लंडनहून मुंबई, मद्रास, क्वालालंपूर असे थांबे घेत ऑस्ट्रेलियाकडे निघाले होते. जावा बेटाजवळ प्रवासी कक्षात धुरासारखे काहीतरी पसरू लागले, गंधकाचा वास आला. खिडकीतून पाहणाऱ्यांना पंखांच्या कडा निळसर उजेडाने झगमगताना दिसल्या. मग एकामागून एक चारही इंजिने बंद पडली. विमानात २४८ प्रवासी आणि १५ कर्मचारी, खाली काळा समुद्र. कॅप्टन एरिक मूडी यांनी ध्वनिक्षेपकावरून थोडी अडचण असल्याचे सांगितले. चारही इंजिने बंद पडली आहेत, ती सुरू करण्याचा आम्ही आटोकाट प्रयत्न करीत आहोत, असे त्यांनी शांतपणे कळवले. लोकांपासून काही लपवले नाही. कोणी हाताला लागलेल्या कागदावर घरच्यांना निरोप लिहून ठेवला. ३७ हजार फुटांवरून विमान इंजिनाविना तरंगत खाली येत राहिले आणि तेरा-चौदा हजार फुटांवर इंजिने पुन्हा सुरू झाली. समोरची काच घासून आंधळी झाली होती, तरीही ते जकार्ताला सुखरूप उतरवले.

या घटनेचेही कारण सापडले. गालुंगगुंग नावाच्या ज्वालामुखीची राख. कोरडी राख हवामानाच्या रडारवर दिसत नाही. ती इंजिनात शिरून वितळली, आत चिकटली आणि इंजिने गुदमरली. विमान राखेबाहेर आले, चिकटलेला थर थंड होऊन गळाला, इंजिनांना श्वास मिळाला. आज जगात नऊ केंद्रे अशा राखेवर पहारा ठेवून विमानांना इशारा देतात.

आपल्याकडे अशा प्रसंगातून सुटलेला माणूस म्हणतो, वेळ आली नव्हती, देवाने तारले. गेलेल्याबद्दल म्हणतात, नशिबात होते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी हे बोलणे शोभत नाही. कारणाशिवाय काही घडत नाही आणि कारण काढून टाकले की परिणाम टळतो, ही तथागतांची शिकवण विमान अपघाताची चौकशी करणारी माणसे रोज अमलात आणतात. त्यांचा उद्देश कोणाला फासावर द्यायचा नसतो, कारण शोधायचा असतो.

१० जून १९९० ची चौकशी तर रात्रपाळी केलेल्या प्रत्येकाने ऐकावी. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनला ८१ प्रवासी घेऊन निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच १७ हजार फुटांवर उडाली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले. कॅप्टनसकट सगळे, म्हणजे ८७ जण, वाचले. ही काच उड्डाणाच्या २७ तास आधीच बदललेली होती. तिला ९० बोल्ट होते. त्यांपैकी ८४ बोल्ट ०.०२६ इंचाने बारीक, उरलेले ६ आखूड. ०.०२६ इंच म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक! माणसे कमी होती म्हणून पाळीच्या प्रमुखाने पहाटे स्वतःच काच बसवली. जुना बोल्ट हातात धरून, पुस्तक न पाहता, अपुऱ्या उजेडात नजरेनेच त्याच्या जोडीचे बोल्ट निवडले. गोदामातल्या माणसाने त्याला सांगितले होते की या काचेला दुसरा बोल्ट लागतो. त्याने ऐकले नाही, आणि गोदामवाल्यानेही मुद्दा लावून धरला नाही. आपल्यातले कितीजण रेल्वेच्या कारखान्यात, एस.टी.च्या आगारात, गोदीत काम करतात. साहेबाला एकदा सांगितले, ऐकले नाही, आपले काय जाते म्हणून गप्प बसलो, असे कोणाचे झालेले नाही? मला या सगळ्या हकिकतीत तो गोदामवाला फार आठवतो. बरोबर उत्तर त्याच्यापाशी होते.

बोल्टचे दुखणे जुने झालेले नाही. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतल्या अलास्का एअरलाइन्सच्या नव्या कोऱ्या विमानात न वापरल्या जाणाऱ्या दाराच्या जागी बसवलेली झडप हवेत निखळून पडली. झडपेचे चार बोल्ट कारखान्यात दुरुस्तीसाठी काढले होते, ते पुन्हा बसवलेच नव्हते आणि कागदावर त्याची नोंदही नव्हती. भगदाडाशेजारच्या दोन्ही खुर्च्या त्या दिवशी रिकाम्या होत्या, म्हणून कोणी बाहेर फेकले गेले नाही.

तेव्हा विमानतळावर ‘तांत्रिक कारणास्तव विलंब’ असा फलक लागला तर लगेच चिडू नये. कोणीतरी काहीतरी पाहिले आणि बोलून दाखवले, म्हणूनच ते विमान जमिनीवर थांबलेले असते. कारण काय, किती वेळ लागेल, हे खिडकीवरच्या माणसाला विचारावे. विचारणे हा आपला हक्क आहे, त्यात अडाणीपणा दिसत नाही. विमानात बसल्यावर पंख्यातून काही गळताना दिसले, काही वेगळा वास आला, तर बटण दाबून सेविकेला सांगावे. ती हसली तरी सांगावे. आणि ठरावीक तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर नियमाप्रमाणे कंपनीने प्रवाशांना खाणेपिणे द्यायचे असते, ते मागून घ्यावे.